धाकटा आला आणि मोठी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली

"मॅडम, चार वर्षांची आहे. दोन वर्षं झाली, रात्री कोरडी राहायची. भाऊ आला आणि आता रोज गोधडी ओली. बाळाला चिमटे काढते, बाटलीनं दूध मागते, सारखी कडेवर घ्या म्हणते. रागावलं तर आणखीच करते. हिला भावाचा हेवा वाटतो ना?"

फाल्गुन सरत आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. थंडीत माहेरी बाळंत झालेल्या लेकी याच दिवसांत तान्हं घेऊन सासरी परततात. घरी मागे राहिलेलं मोठं लेकरू तोवर बदललेलं असतं. इथे सांगते ती गोष्ट खानदेशात, अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आई, आजी आणि लेक अशा तिघी आल्या होत्या. तान्हं आईच्या मांडीवर. घरी गहू काढणीला आलेला, दादर ज्वारी खळ्यावर पडलेली, आजीचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, अर्धे व्हायचे होते. नळाला चार दिवसांनी पाणी, आणि त्यात रोज एक गोधडी धुवायची. आईच्या आवाजातली चीड मला समजत होती. रात्री बाळासाठी उठायचं, पहाटे मोठीचं अंथरूण बदलायचं आणि उजाडताच चुलीपाशी उभं राहायचं, यात कुणाचाही धीर सुटेल. आजीनं दृष्ट काढून पाहिली होती. मग उपाय म्हणून दुपारी चारनंतर मुलीचं पाणी बंद केलं होतं.

मोठी मात्र बाळाकडे बघतही नव्हती. आईची कापडी पिशवी तिनं ओढून घेतली होती आणि तिच्यावर बसून राहिली होती. खेळणी पुढे केली तरी उठली नाही. मी विचारलं, घरीही असंच करते का? आजी म्हणाल्या, "बॅग तर लपवूनच टाकते. परवा गव्हाच्या कोठीमागे सापडली."

मग मी बाळाचा विषय बाजूला ठेवला आणि आई बाळंतपणाला गेली तो दिवस विचारला. आईचं माहेर शिरपूरकडे. सातव्या महिन्यात आईचा भाऊ तिला न्यायला मुराळी म्हणून आला. मोठीची अंगणवाडी बुडू नये आणि माहेरी आईची ओढाताण होऊ नये म्हणून तिला आजीजवळ ठेवायचं ठरलं. रडेल म्हणून ती दुपारी झोपलेली असताना आई निघाली. उठल्यावर तिला सांगितलं, "माय दवाखान्यात गेली, सांजीले येईन." माय आली ती होळीच्या तोंडावर, हातात दुसरं लेकरू घेऊन.

"पण तिनं काही त्रास नाही दिला हो," आजी कळवळून म्हणाल्या. "आठ दिवस रडली, मग विसरली. खायची, खेळायची. माय आली तेव्हा तर तिच्याकडे गेलीसुद्धा नाही, माझ्यामागे लपली."

हे 'विसरणं' फार फसवं असतं. इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईवाचून दवाखान्यात राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी शांत होऊन खाऊ-खेळू लागतं. भोवतालच्या मोठ्यांना वाटतं, रुळलं. प्रत्यक्षात त्यानं आईची वाट बघणं आतल्या आत मिटून घेतलेलं असतं. आई परत आली की आधी ओळख दाखवत नाही, आणि नंतर इतकं चिकटतं की सोडवत नाही. आजीच्या कुशीत राहिलेल्या मुलाला हे दुःख दवाखान्यातल्या मुलाइतकं खोल होत नाही, ओळखीचं घर मोठा आधार देतं. म्हणून त्या आजींना मी आधी हेच सांगितलं की तुम्ही होतात म्हणून ही इतकी तरी सावरली.

हेवा थोडाफार असतोच, तो मी नाकारत नाही. पण या मुलीला बाळाच्या येण्यापेक्षा आईच्या जाण्याची धास्ती जास्त होती. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, जवळ आलेली. आई माहेरी जाणार, झोके बांधणार, मामा न्यायला येणार, असं घरात रोज बोलणं चाललेलं. तिला त्यातलं एवढंच कळत होतं की मामा आला की माय जाते.

त्यामुळे चिमट्यांवर शिक्षा करून भागणार नव्हतं. चिमटा काढला की हात धरायचा, "त्याला दुखतं, मी काढू देणार नाही" एवढंच म्हणायचं, आणि दोघांना एकटं सोडायचं नाही. बाळासारखं मांडीवर घे म्हणाली तर घ्यायचं, बाटली मागितली तर एकदोनदा द्यायची. मन भरलं की मुलं आपणच ती सोडतात. 'आता तू मोठी झालीस' हे वाक्य काही दिवस घरात कुणीच उच्चारायचं नाही. धाकटा आजीपाशी झोपला की पंधरा मिनिटं ओट्यावर आई आणि मोठी, दुसरं कुणी नाही, मोबाइलही नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी एका गोष्टीवर घालवला. कुठेही जाताना लपून जायचं नाही. गिरणीवर जायचं तरी "दळण घेऊन येते, तू बिबडे पालथे घालीपर्यंत येते" असं सांगायचं, ती रडली तर रडू द्यायचं, आणि बोललं त्या वेळेला परत यायचं. चार वर्षांच्या मुलाला 'दोन महिने' कळत नाहीत, पण 'बिबडे वाळले की' कळतं. अशा शंभर छोट्या जाण्या-येण्यांतून तिचा विश्वास परत बसणार होता.

पाणी बंद करू नका, हे आजींना जरा ठासून सांगावं लागलं. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. दिवसभर भरपूर पाजायचं, झोपण्याआधी लघवीला न्यायचं, गोधडीखाली मेणकापड घालायचं. पाच वर्षांपर्यंत रात्रीचं अंथरूण ओलं होणं हा आजार मानत नाहीत. तरी कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर लघवी एकदा तपासून घ्यावी. जळजळ, ताप, कडक शौच असेल, किंवा खूप तहान लागून वजन उतरत असेल तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावं. या मुलीची तपासणी ठीक आली.

आखाजीला मामा आला तेव्हा तिनं बॅग पुन्हा लपवली. आईनं ती शोधली नाही, तिलाच आणायला सांगितलं आणि तिचे दोन फ्रॉक तिच्याच हातानं वर ठेवायला लावले. "मी बी येसू?" तिनं तीनतीनदा विचारून घेतलं. माहेरी दिवसभर झोका, डांगर, आमरस. तरी पहिल्या रात्री अंथरूण ओलं झालं. आईनं फोन केला, पण आवाजात चीड नव्हती. जेठ लागेपर्यंत ओल्या रात्री आठवड्यातून एखाद्या उरल्या. चिमटे त्याआधीच थांबले होते. बाटली कधी सुटली ते घरात कुणाला आठवत नव्हतं.

आता सातवा महिना लागलेली कुणी आली की मी मोठ्या मुलाचं काय ठरलंय ते आधी विचारते. शक्य असेल तर त्याला बरोबर न्या. चार वर्षांच्या मुलाची अंगणवाडी काही महिने बुडाली तरी चालते. नेता येत नसेल तर जागं असताना सांगून निघा, रोज ठरल्या वेळी फोनवर बोला, आणि बापानं दर आठवड्याला त्याला आईपाशी नेऊन आणावं, परतताना ते कितीही रडलं तरी.