पिंजरा लावा म्हणण्याआधी

प्रश्न : नाशिकच्या मखमलाबादला राहतो, सोसायटीच्या मागे ऊस आणि द्राक्षबागा. मागच्या आठवड्यात रात्री सीसीटीव्हीत बिबट्या दिसला, कंपाउंडच्या कडेकडेने निघून गेला, कुणाला काही केलं नाही. पण ग्रुपवर सगळे पिंजऱ्यासाठी मागे लागलेत, अर्ज पण टाईप झालाय. सही करू का?

उत्तर : मी तरी नाही करणार. भीती वाटणं साहजिक आहे, घरात लहान पोरं असतात, पण नुसता दिसला म्हणून पिंजरा लावून प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. जुन्नरला 2001 नंतर बिबटे धरून दुसरीकडे नेऊन सोडायचा सपाटा लावला होता, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास केलाय. एक नेला की त्या जागेवर दुसरा येतो, आणि जो नेला तो अनोळखी मुलखात बावचळतो. शिवाय बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी, धरायचा की नाही ते वनखातं ठरवणार, सोसायटीच्या सह्यांवर ते ठरत नाही. माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा तो येतो कशाला ते बघा ना. घंटागाडी सकाळी येते आणि आपण उरलेलं अन्न रात्रीच गेटबाहेर ठेवतो, त्यावर कुत्री आणि डुकरं जमतात, आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे सगळ्यात सोपी शिकार! अकोल्याकडच्या (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातलं अकोले) शेतशिवारात पण त्याचं मुख्य खाणं कुत्रीच निघालं होतं. म्हणजे ओला कचरा सकाळीच बाहेर काढायचा, कंपाउंडच्या कडेचं गवत कापायचं, मागच्या बाजूला लाईट लावायचे, आणि अंधारात पोरांना एकटं सोडायचं नाही. ऊसतोड सुरू झाली की जास्त सांभाळा, लपायची जागा जाते तसा तो इकडेतिकडे फिरायला लागतो. तोडताना फडात पिल्लं सापडली तर हात लावू नका, सेल्फी तर नाहीच, वनखात्याला कळवा. ते पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि बरेचदा आई रात्री येऊन घेऊन जाते.

आणि खरंच आत शिरला तर घरात बसा, दारं लावा, 1926 ला (वनखात्याची हेल्पलाइन) फोन करा. जानेवारी 2019 मध्ये गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या आला तेव्हा ही एवढी गर्दी झाली होती, त्यात नगरसेवक आणि कॅमेरावाले जखमी झाले. बिचकलेल्या बिबट्याला पळायला वाट लागते आणि आपण नेमके तिथेच मोबाईल धरून उभे!

अर्जच करायचा असेल तर घंटागाडीची वेळ बदलून मागा, त्यावर मी पण सही करीन.

प्रश्न : बाल्कनीत चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावली, पण एकही चिमणी आली नाही. काय चुकतंय? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : पेटी बाल्कनीत नेमकी कुठे लावलीय ते सांगितलं नाहीत. भोक साधारण सव्वा इंच हवं, मोठं झालं की साळुंकी घुसते. आठ-दहा फूट उंच, सावलीत, पश्चिमेचं ऊन थेट पडणार नाही अशी लावा, पंख्याजवळ अजिबात नको. बाहेर बसायला दांडी लागत नाही, ती फक्त आपल्याला छान दिसते. आणि नुसते तांदूळ टाकून भागत नाही, पिल्लांना अळ्या-किडे लागतात, म्हणजे कुंडीतल्या प्रत्येक अळीवर औषध मारलं तर ती भरवणार काय? नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी चिमणीसाठी देशभर काम उभं केलंय, तरी आपल्याकडे पेट्या दिवाळीच्या आकाशकंदिलासारख्या शोभेला लागतात! एक सीझन थांबा, सारखी जागा बदलू नका. चिमणी आली आणि पिल्लं झाली की आत डोकावायचं नाही, साफसफाई ती उडून गेल्यावरच.