दिवाळीनंतरची रात्रीची जेवणं: तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दिवाळीचा फराळ संपला की दरवर्षी एकाच प्रकारची पत्रं जास्त येतात, रात्री काय करायचं. आता सहालाच अंधार पडतो, मुलांना सातला भूक लागलेली असते आणि महिनाभर तळकट गोडधोड खाऊन सगळ्यांनाच साधं गरम जेवण हवं असतं. यावेळी त्यातलीच चार पत्रं घेतलीत.

ताई, मी नोकरी करते, घरी यायला साडेसात होतात. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. रविवारी मंडईतून भरपूर भाजी आणते पण गुरुवारपर्यंत अर्धी खराब होते आणि रोज दारात चप्पल काढतानाच डोक्यात सुरू होतं की आज काय करू. आठवड्याचं प्लॅनिंग करून बघितलं, फ्रीजवर कागद लावला, दोन दिवस पण टिकला नाही. काय चुकतंय? – एक वाचक, चिंचवड

तुमचं काही चुकत नाहीये, फक्त कागदावर पदार्थ लिहिले जातात आणि पदार्थ ठरवला की तो त्या दिवशी खावासा वाटत नाही किंवा त्यातलं एक काहीतरी घरात नसतं. मी पदार्थ ठरवतच नाही, मी फक्त दोन गोष्टी बघते, कुठली भाजी आधी मरणार आहे आणि उद्याचं कुठलं काम आज झोपायच्या आधी पाच मिनिटांत उरकता येईल.

रविवारची पिशवी ओट्यावर रिकामी केली की मेथी, शेपू, पालक, कांद्याची पात हे सगळं सोमवार-मंगळवारचं, त्यात दुसरा विचार नाही. वांगी, फ्लॉवर, गवार बुधवार-गुरुवारपर्यंत चालतात. कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा आणि बटाटा हे शुक्रवारचे, ते काही पळून जात नाहीत. मेथी रविवारीच निवडून ठेवा पण धुवू नका, कोरडीच सुती फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, धुतलेली मेथी दुसऱ्या दिवशी काळी पडते. सध्या मेथी इतकी कोवळी येतेय की नुसती लसणाच्या फोडणीत टाकून वरून बेसन पेरलं, झाकण ठेवलं, की वीस मिनिटांत पीठ पेरून भाजी तयार, आणि मुलं मेथीला नाक मुरडत असतील तर तीच चिरून ज्वारीच्या पिठात तीळ-ओवा घालून धपाटे करा, दह्याबरोबर गपचूप खातील.

दुसरं म्हणजे डाळ. रविवारी रात्री दोन वाट्या तूरडाळ हळद-हिंग घालून घट्ट शिजवून फ्रीजमध्ये ठेवून द्या. सोमवारी त्यातलं थोडं घेऊन साधं वरण, मंगळवारी थोड्यात पालकाची शेवटची जुडी, बुधवारी उरलेल्यात चिंच-गूळ आणि गोडा मसाला घालून आमटी. डाळ तीन दिवसांच्या पुढे ठेवू नका, आणि दरवेळी लागेल तेवढीच काढून गरम करा, अख्खं पातेलं गरम करून परत आत ठेवायचं नाही. याच्या जोडीला शेंगदाण्याचं कूट, लसणाची कोरडी चटणी आणि भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचं वाटण असे तीन डबे भरलेले असले की कुठलीही साधी भाजी चवीला उभी राहते. खरीपाचे नवीन शेंगदाणे आलेत बाजारात, कूट आत्ताच करा, त्याला गोडवा वेगळाच असतो.

बुधवार हा माझ्या घरी मोडाच्या उसळीचा वार आहे, आणि खरं तर माझा सगळा आठवडा त्या एका उसळीवर उभा आहे कारण तिची तयारी सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मटकी भिजत घालण्यापासून सुरू होते, रात्री उपसून बांधायची, बुधवारी संध्याकाळी मोड तयार. त्या दिवशी मंडई नको, निवडणं नको, चिरायला फक्त एक कांदा.

गुरुवारचं मात्र आधी सासूबाईंना विचारून घ्या. मार्गशीर्ष लागला की बऱ्याच घरांत गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं, संध्याकाळी उपास सोडायचा असतो, कांदा-लसूण चालत नाही, मग त्या दिवशी वरण-भात, बटाट्याची भाजी, थोडी खीर एवढंच धरून चाला म्हणजे ऐनवेळी दोन स्वयंपाक होत नाहीत. आणि सासूबाईंना भाकरी चावत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी पोळी लाटत बसू नका, गरम भाकरी आमटीत कुस्करून वर कच्चं तेल किंवा तूप घालून द्या, आमच्या आई शेवटपर्यंत तसंच जेवायच्या आणि आवडीने जेवायच्या.

शुक्रवारी माणूस दमलेला असतो. खिचडी, कढी, भाजलेला पापड. त्याची लाज वाटून घेऊ नका.

ताई, थंडी लागली म्हणून बाजरीचं तयार पीठ आणलं तर भाकरी कडू लागते आणि थापताना कडेने चिरते. यूट्यूबवर बघून सगळं तसंच केलं. मुलं म्हणतात आई, पोळीच कर. – एक वाचक, नाशिक

मुलांचं ऐकू नका अजून, दोष बाजरीचा नाही, पिठाचा आहे. बाजरीत ज्वारी-गव्हापेक्षा स्निग्धांश जास्त असतो, दळलं की तो हवेला लागतो आणि पीठ दोन-तीन आठवड्यांत खवट होऊन कडू लागायला लागतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा बाजरीचं कौतुक खूप झालं पण पाकिटावरची दळल्याची तारीख बघा हे फारसं कुणी सांगितलं नाही. नवी बाजरी बाजारात आलेली आहे, दाणे आणा, निवडून किलोभरच गिरणीत न्या, आणि घरी आणल्यावर पीठ गार झालं की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी गिरणीची एक फेरी होते, होऊ दे.

चिरण्याचं कारण असं की बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो आपल्याला गरम पाण्याने आणि हाताने आणावा लागतो. पाणी चांगलं कढत घ्या, एका भाकरीपुरतंच पीठ परातीत घ्या, आणि तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळा, दोन-तीन मिनिटं, लोण्यासारखं लागेपर्यंत. सगळ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन भाकऱ्या चिरणारच. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात लगेच फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची, त्याच्या आधीही नाही आणि फार नंतरही नाही, मग दुसरी बाजू भाजून थेट आचेवर, टम्म फुगते. तरीही जमली नाही तर पहिले आठ दिवस बाजरीत मूठभर ज्वारीचं पीठ मिसळा, हात बसला की सोडून द्या.

थंडीत कडधान्याला मोडच येत नाहीत, वास मारतं. दहीसुद्धा पातळ लागतं. काय करू? – एक वाचक, सातारा

ऊब कमी पडतेय, बाकी काही नाही. कडधान्य कोमट पाण्यात भिजवा, उपसून फडक्यात बांधताना पाणी पूर्ण निथळू द्या कारण वास त्या साचलेल्या पाण्याचाच येतो, आणि गाठोडं कुकरमध्ये ठेवून झाकण लावा. नोव्हेंबरात एका रात्रीत मोड येतील अशी अपेक्षा ठेवू नका, दीड दिवस धरा. दह्याचं दूध बोटाला सोसेल इतकं गरम असू दे, विरजण उन्हाळ्यापेक्षा थोडं जास्त, आणि भांडं पिठाच्या डब्यात खोचून ठेवा, माझी आजी तसंच करायची.

ताई, मी पुण्यात एकटा राहतो, शिकतोय. खोलीवर एक इंडक्शन आणि तीन लिटरचा कुकर आहे. मेसचं रात्रीचं जेवण बंद केलं कारण पोट बिघडायचं. दोन-तीन गोष्टी सांगा ज्या रोज जमतील. आणि चंपाषष्ठीला आमच्याकडे गावी भरीत-भाकरी असते, ती इथे करता येईल का? – एक विद्यार्थी

बाळा, तुझं पत्र वाचून बरं वाटलं, स्वतः करून खातोयस ते चालू ठेव.

पहिली गोष्ट खिचडी. इंद्रायणीचा नवा तांदूळ आता येतो, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, फोडणीत लसूण-जिरं-हळद, हाताला येईल ती एक भाजी. जुन्या तांदळाला मी साडेतीन वाट्या पाणी घालते पण नवा तांदूळ पाणी कमी पितो, त्याला तीनच घाल, नाहीतर लगदा होतो. तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू दे.

दुसरी, कुळथाचं पिठलं. कुळथाचं पीठ कोकणातल्या मालाच्या दुकानात मिळतं. तीन चमचे पीठ अडीच वाट्या गार पाण्यात आधी कालवून घे म्हणजे गुठळ्या होत नाहीत, लसूण-मिरचीच्या फोडणीत ओत, दोन कोकम, मीठ, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि गरम भातावर असं लागतं की थंडीत दुसरं काही नको वाटतं. तिसरी मोडाची मूग उसळ, साताऱ्याच्या ताईंना वर सांगितलंय तसे मोड आण.

भरीत नक्की होईल. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य असतो, ज्यांनी चातुर्मासात वांगं सोडलेलं असतं ते कित्येक घरांत त्या दिवशीच पहिलं वांगं खातात, त्यामुळे गावाची आठवण येणारच. जाळ नाही म्हणून अडून बसू नकोस. सपाट बुडाचा लोखंडी तवा घे, वांगं उभं दोन भाग करून कापलेल्या बाजूला तेल-मीठ चोळ, पालथं ठेव, झाकण लाव आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं विसरून जा, साल काळपट होऊन गर चमच्याने निघाला पाहिजे. त्याच तव्यावर चार-पाच हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पाकळ्या अगदी डाग पडेपर्यंत भाज, जाळाच्या वासाची कमी त्या बऱ्यापैकी भरून काढतात. मग सगळं खलबत्त्यात किंवा वाटीच्या बुडाने ठेच, वरून कच्ची कांद्याची पात, कोथिंबीर, कच्चं तेल. खानदेशात भरताला पांढरट हिरवी मोठी वांगी घेतात, जळगावची त्यासाठीच प्रसिद्ध आहेत, पुण्यात दिसली तर तीच घे, नाहीतर मोठं जांभळं चालेल. भाकरी शेजारच्या पोळीभाजी केंद्रातून आण, एवढ्यात थापायला जाऊ नकोस. आणि वांगी घेताना हातात तोलून बघ, आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घे, जड वांग्यात बिया फार निघतात.