यंत्र आलं, तरी मीच का दमते?

"मॅडम, हातानं कातत होते तवा एवढी दमत नव्हते. आता मोटार कातती, तरी मीच का दमते? मला आई होणं जमंना का?"

खुर्चीच्या अगदी कडेवर बसून त्या हे बोलल्या. वय सव्वीस, मांडीवर दहा महिन्यांचं बाळ. गाव माणदेशातलं, घरची मेंढरं. त्यांच्या परवानगीनं हा अनुभव लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हाच प्रश्न मला नोकरी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, घरून काम करणाऱ्या आयांनीही विचारला आहे. शब्द वेगळे असतात एवढंच.

त्यांच्या घरी दोन पिढ्या चरखा चालला. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि जाड. वर्षातून दोनदा कातरायची, पिंजायची, पेळू (पिंजलेल्या लोकरीची वळी) करून बायकांनी सूत कातायचं आणि घोंगडीसाठी सांगरांच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांच्या, मागावर द्यायचं. गेल्या वर्षी गावात शेड उभी राहिली. पिंजायचं यंत्र आलं, आठ चात्यांचा (चाती म्हणजे सूत गुंडाळलं जातं ती फिरती सळई) मोटारीवरचा चरखा आला. मजुरी सुताच्या वजनावर. पैसे घरी जास्त येऊ लागले, आणि ही बाई रात्री अंथरुणात रडू लागली.

पहिल्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. "बाळ झोपलं की तुम्हीही थोडं पडत जा," असं मी म्हणून गेले. त्यांनी मान खाली घातली. बाळ दुपारी झोपतं तेव्हा त्या शेडमध्ये असतात, हे मी विचारलंच नव्हतं. सल्ला देण्याआधी त्या बाईचा दिवस बघायला हवा होता.

एडिनबरा प्रश्नावली मात्र त्याच दिवशी भरून घेतली. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात ती, दहा प्रश्नांची. गुण सीमारेषेवर आले. स्वतःला इजा करावीशी वाटते का, या प्रश्नाला उत्तर ठाम 'नाही' होतं. तरी मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. एवढं रक्त कमी असलेल्या बाईनं दमू नये तर काय करावं? थकवा मनाचा आहे असं ठरवण्याआधी रक्त तपासा, हे मी प्रत्येक आईला सांगते.

दुसऱ्या भेटीला सासूबाईही आल्या. मी टेबलावर चोवीस चिंचोके मांडले. चिंचोक्याची खळ घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावतात, त्यामुळे दोघींनाही ते ओळखीचे. एक चिंचोका म्हणजे एक तास. आधी चरख्याच्या काळातला दिवस मांडायला सांगितला. कातण्याच्या ढिगात सहा आले, पण बोट तिथंच घुटमळलं. "हे सहा नुसत्या सुताचं न्हाईत. ह्यातच पोराला पाजायचं, चुलीवर बघायचं." चरखा म्हणजे त्यांचा स्वतःचा हात. बाळ कुरकुरलं की हात थांबायचा, चाती थांबायची.

मग आजचा दिवस. शेडचे आठ, जाण्यायेण्याचा एक, पाणी, स्वयंपाक, धुणं आणि मागे राहिलेल्या चार मेंढरांचं मिळून नऊ. नवरा दिवाळीनंतर वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांच्या तांड्याबरोबर, कोकणात उतरलेला, त्याच्या वाटणीचं कामही इथंच. झोपेला पाच. हातात एक चिंचोका उरला. तो बाळाजवळ ठेवून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

यंत्रानं सूत लवकर होतं, दिवस लांबत नाही. घरच्यांना मात्र वाटतं, आता काय, मोटारच कातते, म्हणून वाचलेला वेळ दुसऱ्या कामांनी भरून टाकतात. शिवाय मोटारीची गती त्यांच्या हाताची नाही. तुटलेला धागा जोडेपर्यंत शेजारची चाती रिकामी फिरते आणि वजन बुडतं. आठ तास अंग असं ताणलेलं राहिलं, तर संध्याकाळी बाळ छातीशी घेतल्यावर पान्हा लगेच फुटत नाही. ताण असला की दूध उतरायला वेळ लागतो, हे शरीराचं साधं गणित आहे. बाळ तोंड फिरवायचं आणि यांना वाटायचं, पोर मला विसरलं. लोकरीचा आणि तेलाचा वास येतो म्हणून ते जवळ येत नाही, असंही मनानं घेतलं होतं. मी सांगितलं, आल्या आल्या पाजू नका. हातपाय धुवा, लुगडं बदला, दहा मिनिटं बाळाला नुसतं अंगावर घेऊन बसा.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी कातायची तवा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. हात चरख्यावर, पाय पाळण्यावर." आणि सुनेकडे वळून, "तुला ती सोय कुठं हाय गं तिथं?" महिनाभर मी जे समजावलं असतं, ते या बाईनं एका वाक्यात केलं.

2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला दिवसातून चारदा तिथं जायची मुभा आली. या शेडमध्ये बायका अकरा. अंगणवाडीत मुलं बसतात ती तीन वर्षांची झाल्यावर. म्हणजे ज्या वयात आई सगळ्यात जास्त लागते, त्याच वयाला सोय नाही. याचा मला मनापासून राग येतो. बाईच्या हाती यंत्र द्यायचं ठरवताना बाळ कुठं राहणार, हा प्रश्न मोटारीच्या खर्चाबरोबरच बसायला हवा.

आम्ही जमेल तेवढं केलं. दुपारी सासूबाई बाळाला शेडबाहेरच्या लिंबाखाली आणतात. आत नाही, कारण पिंजताना लोकरीची धूळ उडते. अर्धा तास शेजारीण यांच्या चात्या सांभाळते, नंतर त्या तिच्या सांभाळतात. दहा महिन्यांचं बाळ वरचं खातं, त्यामुळे दिवसाचं दूध हुकलं तरी पहाटे आणि रात्री पाजणं सुरू राहू शकतं, हे कळल्यावर त्यांचा मोठा घोर गेला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. नवऱ्याशी फोनवर बोलणं झालं. मागे ठेवलेली चार मेंढरं पुतण्या बघेल, असं त्यानं ठरवून दिलं.

तुमची स्थिती अशीच असेल आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप उडाली, बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर वाट बघू नका. टेली-मानस 14416 ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच फोन करा, घरात कुणाला तरी सांगा.

चौथ्या भेटीत त्यांनी स्वतःच चिंचोके मागितले. झोपेला सहा आले, बाळाजवळ तीन. शेडचे आठ तसेच होते. "हे कमी व्हायचं न्हाईत मॅडम," त्या म्हणाल्या, आणि बाळानं तोंडात घातलेला चिंचोका बोटानं हळूच काढून घेतला.