लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये धुताना

प्रश्न : वॉशिंग मशीनमध्ये धुतल्यावर लोकरीचे स्वेटर आटतात. ते सुरक्षितपणे कसे धुवावेत?

उत्तर : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यात कपडा जोराने घुसळला गेला की हे खवले एकमेकांत अडकत जातात, वीण दाट होते आणि असा आटलेला स्वेटर पूर्ववत होणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून प्रथम लेबल पाहावे. त्यावर पाण्याच्या टबात हात घातल्याचे चित्र असेल, तर स्वेटर हातानेच धुवावा. मशीनची परवानगी असल्यास स्वेटर उलटा करून जाळीच्या पिशवीत घालावा, 'वूल' प्रोग्राम निवडावा आणि पाणी ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये. नेहमीची पावडर मात्र कटाक्षाने टाळावी, कारण लोकर हे प्रथिन आहे आणि अशा अनेक पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, जी कालांतराने धागाच कमकुवत करतात. लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबणच वापरावा. ब्लीच तर मुळीच नको. धुतल्यावर स्वेटर पिळू नये किंवा दोरीवर टांगू नये, कारण पाण्याच्या वजनाने त्याच्या बाह्या लोंबतात. तो कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून हलके दाबावा आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा.