'अंबरी' सफरचंदातला 'अंब' कुठला?

प्रश्न असा आहे: नागपूरच्या कळमना बाजारात काश्मिरी सफरचंदाच्या पेटीवर 'अंबरी' लिहिलेलं असतं. हे नाव आंबट चवीवरून पडलं, की आपल्या संत्र्याच्या आंबिया बहारासारखं आंब्यावरून?

दोन्ही नाही. अंबरी चांगलं गोड असतं. गोंधळाला निमित्त मात्र आहे, कारण आंबियाचा संत्रा आणि अंबरी, दोन्हींचा हंगाम ऑक्टोबरच्या आसपास गाठ घालतो.

संस्कृत 'आम्र'मधल्या 'म्र'चा प्राकृतात 'म्ब' झाला आणि 'आंबा' आला; 'ताम्र'चं 'तांबं' झालं तसंच. 'अम्ल'मधल्या 'म्ल'चीही तीच गत होऊन आंबट, आंबील हे शब्द आले. आंबिया पहिल्या घरातला: जानेवारी-फेब्रुवारीत आंबा मोहरतो तेव्हा संत्रा फुलतो, म्हणून. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराच्या फळापुढे आंबियाचं फळ जरा आंबट लागतं, त्यामुळे 'आंबट तो आंबिया' हे लोकांना सहज पटतं. पण ते चूक.

अंबरीचं घर तिसरं. अरबी 'अन्बर' म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारं सुगंधी द्रव्य. 'न्ब' बोलताना 'म्ब' होतो, म्हणून फारसीतून आपल्याकडे आला तो 'अंबर'. (आकाशवाचक 'अंबर' संस्कृत, त्याचा इथे संबंध नाही.) त्याला 'गुलाबी'तला 'ई' लागला की अंबरी, म्हणजे अंबरासारख्या वासाचं. नावाची हीच फोड सांगितली जाते आणि पिकलेलं फळ नाकाशी धरलं की पटते.

हे काश्मीरचं जुनं देशी वाण, शोपियानकडचं विशेष नावाजलेलं. फळ लांबट, खाली निमुळतं. सालीवर लाल पट्टे, गर पांढरा आणि कुरकुरीत. सप्टेंबरअखेरीस पिकू लागतं आणि टिकतं भरपूर. पण झाड फळावर यायला फार वर्षं घेतं, त्यातही एक वर्षाआड लगडतं. म्हणून बागायतदार डेलिशियस या अमेरिकी वाणाकडे वळले. पेटीतली फळं एकसारखी गडद लाल दिसली तर ती 'लाल अंबरी' असू शकतात. तो रेड डेलिशियस आणि अंबरीचा संकर. बुडाशी पाच ठळक उंचवटे असतील, तर मात्र डेलिशियसचाच संशय घ्यावा.

लिहिताना 'अंबरी'च लिहा. 'आंबरी' केलंत की आंब्याकडे जाल, 'अंबारी' केलंत तर थेट हत्तीवर.