रिटर्न भरलं म्हणजे आयकर भरला असं नाही

प्रश्न : नगर भागात माझी अडीच एकर जिरायत आहे. २०२१ मध्ये दोन गाईंसाठी कर्ज काढलं, तेव्हा बँकेने आयकराचं रिटर्न मागितलं. एजंटाने वार्षिक उत्पन्न ३ लाख १० हजार दाखवून ते भरलं. आता तहसीलची नोटीस आली आहे : तुम्ही आयकरदाते आहात, पीएम किसानचे सात हप्ते म्हणजे १४,००० रुपये सात दिवसांत परत करा, नाहीतर सातबाऱ्यावर बोजा चढवू. घरचे म्हणतात, भरून मोकळे व्हा. काय करू?

उत्तर : घाईने भरू नका, पण नोटीस उशाखाली ठेवून गप्पही बसू नका. तुम्ही मुकाट्याने पैसे भरले तर अपात्रता मान्य केल्यासारखं होईल. मग पुढचे हप्ते तर बंद होतीलच, शिवाय २०२३ पासून राज्य सरकार देतं ते नमो शेतकरी योजनेचे वर्षाला ६,००० रुपयेही जातील.

पीएम किसानची अट नीट वाचा. मागील आकारणी वर्षात (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, कर ठरवण्याचं वर्ष) ज्यांनी आयकर ‘भरला’ ते अपात्र, असे मार्गदर्शक सूचनांचे शब्द आहेत. रिटर्न दाखल करणारे अपात्र, असं त्यात कुठेही नाही. आता तुमचा हिशेब मांडू. ३,१०,००० मधून त्या वर्षी करमुक्त असलेले २,५०,००० वजा केले की उरले ६०,०००. त्यावर ५ टक्क्यांनी कर ३,००० रुपये. पण करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर तेव्हा १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८७अ ची सूट मिळत होती आणि तिच्यामुळे हे ३,००० पूर्ण माफ होतात. म्हणजे तुमचा कर शून्य.

एजंटाकडून रिटर्नची पावती आणि कलम १४३(१) खालची सूचना (रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं ती) मागून घ्या. बहुधा त्याने स्वतःचाच ई-मेल नोंदवला असेल, त्यामुळे ही कागदं तुमच्यापर्यंत पोचलीच नसतील. पावतीवर ‘नेट टॅक्स पेएबल’ म्हणजे देय कराची ओळ बघा, तिथे शून्य हवं. खाली ‘टॅक्सेस पेड’ म्हणजे भरलेल्या रकमेसमोर १,००० दिसले तर घाबरू नका. मुदतीनंतर रिटर्न भरल्याबद्दल कलम २३४एफ प्रमाणे घेतलेलं ते विलंब शुल्क असू शकतं. असे हजार रुपये आयकर समजून एखाद्या गरीब शेतकऱ्याचं नाव यादीतून उडावं, हे मला फार लागतं.

मात्र एखाद्या वर्षी तुम्ही किंवा पत्नीने खरोखर कर भरला असेल, तर त्या वर्षाच्या हप्त्यांसाठी भांडू नका, तेवढे परत करा. बाकीच्या वर्षांचे सरकारला परत मागता येणार नाहीत असंच मी मांडीन, कारण अट ‘मागील आकारणी वर्षा’पुरती आहे. सज्ञान मुलगा कंपनीत नोकरीला असून कर भरत असेल तर त्याचा इथे संबंध नाही. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं.

सात दिवसांच्या आत तहसीलदारांच्या नावे लेखी खुलासा द्या. वरचा हिशेब लिहा, कागदं जोडा आणि ‘समक्ष सुनावणी द्यावी, तोवर वसुली थांबवावी’ असं स्पष्ट मागा. अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही. त्याच दिवशी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : मला आयकरदाता कोणत्या नोंदीवरून ठरवलं, तिची प्रत द्या. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

तुमचं न ऐकता बोजाचा फेरफार मंजूर झाला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करा, सोबत स्थगितीचा अर्जही द्या. दबावाखाली पैसे भरावेच लागले तर ‘हक्क राखून भरत आहे’ असं लेखी देऊन पावती घ्या.