दाराचा रंग खरवडण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. डायमंड टी ९६९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी सैन्याची रेकर, अडकलेल्या गाड्या ओढून काढणारी, आणि तीही मागचे दोन्ही होम्स बूम, म्हणजे क्रेनचे हात, जागेवर असलेली! तो फोटो मी बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही. बूम कापून भंगारात घातलेल्या आणि नुसता सांगाडा उरलेल्या या जातीच्या गाड्या मी इतक्या पाहिल्यात, की तुझी पाहून मनापासून आनंद झाला.

तू विचारलं आहेस, सुरुवात इंजिनापासून करू की बॉडीपासून. मी सांगेन, कॅमेऱ्यापासून कर. पाना हातात घेण्याआधी गाडीचे निदान चारशे-पाचशे फोटो काढ. चासीच्या आतल्या बाजू, प्रत्येक पट्टी, प्रत्येक वेल्डिंग, वायरी कुठून कुठे जातात ते, दाराच्या आतला पत्रा, सीटखालचा कचरासुद्धा. कचरा फेकू नकोस, चाळून बघ. सुटा केलेला प्रत्येक भाग पिशवीत जाईल, पिशवीला चिठ्ठी बांधलेली असेल आणि चिठ्ठीवर तो कुठून काढला हे लिहिलेलं असेल. सहा महिन्यांनी आपल्याला सगळं आठवेल असं वाटतं. आठवत नाही.

हा आग्रह का, तेही सांगतो. माझ्या पहिल्या ट्रकच्या बोनेटच्या कडेला उन्हात तिरकं पाहिलं की लाल रंगाखाली आकड्यांची पुसट उंची जाणवायची. ते काय आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला घाई होती ती स्वच्छ पत्रा बघायची. बोनेट आणि दोन्ही दारं मी सँडब्लास्टिंगला पाठवली. चौथ्या दिवशी ती चांदीच्या ताटासारखी लखलखीत होऊन परत आली आणि मी खूश झालो. गाडीचा लष्करी नोंदणी क्रमांक त्या वाळूबरोबर गेला, हे समजायला मला दोन वर्षं लागली. शेवटचे दोन आकडे चार आणि सात असावेत असं वाटतं. एवढ्यावर कुठलंही दफ्तर धुंडाळता येत नाही. त्या ट्रकवर मी अकरा वर्षं काम केलं, तो आज उत्तम चालतो, पण तो कुठे होता हे मला सांगता येत नाही. ही गोष्ट मला अजून सलते.

म्हणून वायर ब्रश आणि ग्राइंडर सध्या लांब ठेव. चारशे आणि सहाशे नंबरचा पाणपेपर घे, वाटीभर पाणी घे आणि बोनेटच्या कडेवर बशीएवढी जागा निवड. ओल्या कागदाने गोल गोल, अगदी हलक्या हाताने घास. पाणी हवंच, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची सुकी धूळ छातीत जाता कामा नये. मास्क लाव, खाली कागद पसर आणि तो चिखल गोळा करून वेगळा ठेव. थोड्या वेळाने ओंडक्यावरच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर दिसू लागतील. फोटोवरून माझा अंदाज सांगतो: वर गॅरेजचा लाल, त्याखाली कदाचित पिवळा, मग युद्धानंतरच्या एखाद्या सैन्याचा चकचकीत हिरवा, आणि सगळ्यात खाली मूळचा मंद, चकाकी नसलेला ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकी सैन्याचा मळकट हिरवा. प्रत्येक थर उघडला की फोटो काढ, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आता नीट लक्ष दे. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी सैन्याने बोनेटवरचे क्रमांक पांढऱ्या रंगात लिहिले नव्हते. ते ‘ब्लू ड्रॅब’ नावाच्या निळसर करड्या रंगात असत, म्हणजे जवळून वाचता यावेत पण लांबून दिसू नयेत. पांढरे आकडे नंतर आले. ऑलिव्ह ड्रॅबवरचा तो निळसर करडा इतका दबलेला असतो की माणसाला तो डाग वाटतो आणि हात पुढे सरकतो. कुठेही सरळ कड असलेला डाग दिसला की थांब. निसर्ग सरळ रेघ मारत नाही, स्टेन्सिल मारतं.

बोनेटनंतर बंपर. अमेरिकी पद्धतीत बंपरवर डावीकडून सुरुवात होते: आधी आर्मी किंवा डिव्हिजन, मग तुकडी, आणि उजव्या टोकाला कंपनी आणि त्या कंपनीतला गाडीचा अनुक्रमांक. बंपर बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या बंपरवर विश्वास ठेवू नकोस. डॅशबोर्डवरच्या धातूच्या पाट्या वाच. त्यांपैकी एकीवर सीरियल नंबर आणि सैन्याच्या ताब्यात दिल्याची तारीख असते. तोच सीरियल नंबर चासीवर ठोकलेला आहे का ते तपास. पाट्याही एका गाडीच्या दुसरीवर लागतात.

ही तारीख फार कामाची आहे. अशी गाडी विकणारा जवळजवळ प्रत्येक माणूस सांगतो की ती ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. तो खोटं बोलत असतो असं नाही, त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलेलं असतं. मी एकदा अशी कहाणी पूर्ण ऐकून घेतली आणि मग पाटी पुसली. ताब्यात दिल्याची तारीख १९४५ च्या फेब्रुवारीतली होती.

कॅबचंही तसंच. या मॉडेलच्या आधीच्या गाड्यांना बंद पत्र्याची कॅब होती. पुढे कॅनव्हासच्या छपराची उघडी कॅब आली, कारण त्यात पोलाद वाचायचं आणि जहाजात उंचीही कमी लागायची. तुझ्या गाडीला बंद कॅब आहे. ती तिचीच आहे का, हे बोल्टच्या भोकांवरून आणि आतल्या रंगाच्या थरांवरून कळेल. कॅबच्या आत आणि चासीवर थरांचा क्रम सारखा असेल, तर दोघी बरीच वर्षं एकत्र राहिल्यात असं समज.

कागदपत्रांकडे वळण्याआधी एक अपेक्षा मनातून काढून टाक. या एका ट्रकचा कारखान्यापासूनचा सगळा प्रवास सांगणारा कागद सहसा हाती लागत नाही. हाती लागतो तो तुकडीचा प्रवास. बंपरवरून तुकडी कळली, तर वॉशिंग्टनजवळ कॉलेज पार्कला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप ४०७ मध्ये तुकड्यांचे अहवाल आहेत आणि रेकॉर्ड ग्रुप १११ मध्ये सिग्नल कोअरचे, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन खात्याचे, फोटो आहेत. गाडी उसनवारीच्या कराराखाली ब्रिटिशांकडे गेली असेल, तर बोनेटवर इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक सापडेल. मग शोध लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात. १९४४-४५ मधल्या वायव्य युरोपातल्या तुकड्यांच्या युद्ध-रोजनिशा तिथे डब्ल्यूओ १७१ या मालिकेत आहेत, मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९ मध्ये. ब्रिटिशांनी दुरुस्ती आणि रिकव्हरीसाठी ‘रीमी’ ही वेगळी कोअर १ ऑक्टोबर १९४२ ला उभी केली. तेव्हा त्याआधीच्या नोंदी दुसऱ्या खात्यांच्या नावाखाली शोधाव्या लागतात.

या रोजनिशा वाचताना धीर लागतो. लढणाऱ्या तुकडीच्या रोजनिशीत घटना असतात, रिकव्हरीवाल्यांच्या रोजनिशीत कामाच्या नोंदी असतात: अमुक ठिकाणी इतक्या गाड्या ओढून आणल्या, इतक्या दुरुस्त झाल्या, इतक्या भंगारात काढल्या. पण त्या ओळी वाचत राहा. १९४४ च्या २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्सप्रेस’ची वाहतूक रात्रंदिवस चालली. पुढे धावणाऱ्या सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा पोचवायला एका वेळी जवळजवळ सहा हजार ट्रक रस्त्यावर होते आणि चालवणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते. टायर फाटत, इंजिनं बसत, झोप अनावर झालेल्या चालकांच्या गाड्या चरात जात. त्या चरांतून गाडी बाहेर काढून रस्ता पुन्हा मोकळा करायचा, हे रेकरवाल्यांचं काम. त्यांना पदकं क्वचितच मिळाली. त्यांचा इतिहास अशा कोरड्या आकड्यांतच आहे, आणि तो वाचायला आपल्यासारखी माणसं बसली नाहीत तर दुसरं कोण बसणार?

एकापेक्षा दोन बूम का, हेही तुला माहीत हवं. टेनेसीतल्या चॅटानूगा गावच्या अर्नेस्ट होम्स यांना १९१६ च्या सुमारास नाल्यात उलटलेली एक मोटार दोरखंड आणि माणसांच्या बळावर काढायला तासन्‌तास लागले. त्यातून त्यांनी मोटारीवर बसवलेली क्रेन बनवली. तुझ्या गाडीवरचं डब्ल्यू-४५ हे दोन बूमचं यंत्र त्यांच्याच कंपनीचं. एक बूम बाजूला फिरवून चरातली गाडी ओढायची आणि त्याच वेळी दुसऱ्या बूमचा वायर रोप विरुद्ध बाजूच्या झाडाला किंवा मेखेला बांधायचा. दोन्हीकडून ताण आला की ट्रक आडवा होत नाही आणि रस्ताही अडत नाही. नऊ टनांच्या वरचं धूड असूनही नुसत्या वजनावर विसंबायचं नाही, ही त्यामागची अक्कल. एका बूमचं जरी काम बिघडलेलं असेल, तरी दोन्ही मिळून एक यंत्र आहे असं धरून दुरुस्त कर.

इंजिनाबद्दल थोडक्यात. हर्क्युलिस आरएक्ससी, सहा सिलिंडर, ५२९ घनइंच, म्हणजे जवळपास ८.७ लिटर, आणि ताकद फक्त १०६ अश्वशक्ती. आरामात चालणारं, सहनशील इंजिन आहे. इतकी वर्षं उभं असलेलं इंजिन स्टार्टरने फिरवू नकोस. प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोड, आठवडाभर थांब, मग हाताने फिरव. साइड-व्हॉल्व्ह असल्यामुळे बाजूचं झाकण काढलं की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा समोर दिसतात. अडकलेला व्हॉल्व्ह तिथेच सापडेल. ब्रेक लायनिंग आणि जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असतं असंच धरून चाल आणि त्यावर हवेचा झोत मारू नकोस. बाकी गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे.

आता ज्यात जीव जातो त्याकडे ये. चाकाच्या रिमवर लॉक रिंग आहे, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी पोलादी कडी. टायरमध्ये हवा असताना ती रिंग सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. चाक गाडीवरून काढण्याआधीच व्हॉल्व्हचा गाभा काढून हवा पूर्ण जाऊ दे, जोडचाक असेल तर दोन्हींची. रिंगवर गंजाचे खड्डे, तडा किंवा वाक असेल तर ती रिंग बाद. कितीही मूळची असली तरी बाद. हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळी आणि चिमट्याच्या तोंडाने, आणि स्वतः बाजूला उभं राहून. हे जमणार नसेल तर अवजड वाहनांच्या टायरवाल्याकडे ने. यात कमीपणा नाही.

पुढच्या विंचच्या, म्हणजे वायर रोप गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या, ड्राइव्ह शाफ्टवर एक शिअर पिन असते. ती मुद्दाम नरम धातूची असते, म्हणजे ताण मर्यादेबाहेर गेला की आधी ती तुटते आणि वायर रोप वाचतो. तुझ्या सातव्या फोटोत तिच्या जागी मला षट्‌कोनी डोक्याचा बोल्ट दिसतोय. कोणीतरी पिन वारंवार तुटते म्हणून वैतागून कडक बोल्ट घातलेला असणार. तो आजच काढ. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची आणि दर्जाचीच पिन घाल.

ड्रमवरचा जुना वायर रोप उलगडताना जाड चामड्याचे हातमोजे घाल. सुती फडकं रोपवरून सैल फिरवून बघ. जिथे अडकेल तिथे तार तुटलेली आहे. हा रोप आता वजन उचलणार नाही. गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवून दे. ओढायला नवा, प्रमाणपत्र असलेला रोप आण. आणि रोप ताणलेला असताना त्याच्या रेषेत किंवा कोनाच्या आतल्या बाजूला कोणालाही उभं राहू देऊ नकोस, फोटो काढणाऱ्यालाही नाही.

शेवटी तुझा अवघड प्रश्न: गाडी कोणत्या सालची करायची? सगळे तुला १९४४ सांगतील. पण तुझ्या दारावर हाताने रंगवलेलं गॅरेजचं नाव आहे, आणि डाव्या बूमच्या पायाशी घातलेली जाड पट्टी सैन्याची वाटत नाही. युद्धात तिने दोन-तीन वर्षं काढली असतील, त्या गॅरेजमध्ये कदाचित तीस. अपघात झालेल्या ट्रकांखालून तिने माणसं सोडवली असतील. तो काळ पुसून टाकायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटत नाही. माझं मत विचारशील तर एक दार जसं आहे तसंच ठेव, पारदर्शक लेप देऊन, आणि बाकीची गाडी ऑलिव्ह ड्रॅब कर. विजोड दिसेल, लोक बोलतील. तरी ठेव. आणि जे जे नवीन घालशील त्याची वही कर: कोणता पत्रा नवा, कोणता दुसऱ्या गाडीचा, कोणता क्रमांक सापडलेला आणि कोणता अंदाजाने रंगवलेला. अंदाजाचा क्रमांक तर रंगवूच नकोस, जागा कोरी सोड.

त्या गॅरेजवर काम केलेला कोणी ड्रायव्हर हयात आहे का, याचा शोध या आठवड्यातच घे. दफ्तरं पुढच्या वर्षीही तिथेच असतील. असा ड्रायव्हर भेटला तर त्याला प्रश्न विचारत बसू नकोस, त्याला गाडीपाशी ने आणि बूमच्या लिव्हरवर हात ठेवू दे. मग रेकॉर्डर चालू कर.

बोनेटच्या डाव्या कडेचे ओल्या घासणीचे फोटो मला पाठव, सकाळच्या तिरक्या उन्हात काढलेले. तिसऱ्या फोटोत मला तिथे एक सरळ कड दिसल्यासारखी वाटतेय.

तुझा हितचिंतक